दीड फुटाचं स्टूल

स्टूल पुन्हा डुगडुगलं. मुंगीने ते कारखान्याच्या सपाट फरशीवर ठेवून तळहाताने दाबलं, आणि ते टकटक करत एका बाजूला कललं. मिस्त्री लगबगीने भिंतीकडे वळले आणि आधीच नीट टांगलेल्या करवती पुन्हा नीट टांगू लागले.

“काल तर सरळ होतं, आजोबा.”

“लाकूड आहे बाई ते. फुगतं, आकसतं. त्याच्या मनात काय येईल, सांगता येतं का?”

चाळीस वर्षांच्या सुतारकामात लाकडाच्या नावावर एवढी मोठी थाप त्यांनी कधी मारली नव्हती.

सुट्टीतला सुतारकामाचा वर्ग संपून नऊ दिवस झाले होते. दहा मुलं, दहा दिवस, दहा स्टुलं. बोटं ठेचून झाली, एका पठ्ठ्याने स्वतःची चड्डीच बाकाला ठोकून घेतली, आणि शेवटच्या दिवशी नऊ जण आपापलं स्टूल डोक्यावर मिरवत घरी गेले. राहिली ती मुंगी. वय आठ, पण चणीने सगळ्यांत लहान, म्हणून पोरांनीच ठेवलेलं नाव. वर्गाचा नियम साधा होता. ज्याचं काम अपुरं, त्याने ते पुरं होईपर्यंत यायचं, आणि अपुरी वस्तू कारखान्याबाहेर न्यायची नाही.

मुंगीचं काम अपुरं नव्हतं. त्या दिवशी ती हात धुवायला गेली आणि मिस्त्रींनी लाकूड घासायची कानस उचलून एका पायावर चार हात मारले. ती परत येईतो स्टूल लंगडं झालं होतं. आपण असं का केलं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. लोक आता तयार फर्निचर घेतात, त्यामुळे कारखान्यात कुणी फिरकत नाही. वर्षभर ते रेडिओवरच्या निवेदिकेला उत्तरं देत आणि ती मध्येच गाणं लावून मोकळी होई. पोरं गेली की ही शांतता त्यांना खायला उठायची.

तेव्हापासून रोज हेच. मुंगी सकाळी येऊन आधी झाडू मारायची, मग पाय सारखे करायची. मिस्त्रींनी केसभर घासायला सांगावं, तर ही चारही पाय बोटभर कापून ठेवायची. लहान हात, अंदाज कुठून असणार, असं म्हणून ते खूश व्हायचे. दुपारपर्यंत स्टूल सरळ व्हायचं आणि ती घरी गेली की पुन्हा कानस. दीड फुटाचं स्टूल आता सव्वा फूटही उरलं नव्हतं.

त्या दुपारी मुंगीची आई तिला न्यायला स्वतः आली. अंगावर दवाखान्यातला निळा गणवेश, चेहऱ्यावर थकवा.

“काका, अजून किती दिवस?” तिने विचारलं. “आमच्या दाराची खालची कडी तुटलीय आणि वरच्या कडीला हिचा हात पुरत नाही. म्हणून तर या वर्गाला घातलं. दीड फूट मी मोजून दिलंय. स्टूल आलं की आतून कडी लावून घरी राहील बिचारी. तुमच्या डोक्याला ताप नको.” मग तिची नजर फरशीकडे गेली. “हेच का ते? एवढंसं?”

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या दोन घटका बऱ्या जाव्यात म्हणून आपण एका पोरीचं दार उघडं ठेवलं होतं. मुंगी खाली मान घालून उभी होती.

“उद्या देतो,” ते कसेबसे म्हणाले. “उद्या नक्की.”

माय-लेकी गेल्या तसे ते कामाला लागले. स्वतःसाठी आरामखुर्ची करायची म्हणून जपून ठेवलेलं सागवान त्यांनी काढलं. नवे चार पाय, बरोबर दीड फुटाचं स्टूल. तीनदा मोजलं. फरशीवर ठेवलं तर जागचं हललं नाही. सवयीने हात कानशीकडे गेला. त्यांनी ती उचलली आणि भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या खिळ्याला नेऊन टांगली.

सकाळी मुंगी आली. त्यांनी स्टूल तिच्यापुढे ठेवलं आणि मनाचा हिय्या केला.

“हे बघ, लाकूडबिकूड काही आकसत नव्हतं. रोज मीच एक पाय घासत होतो.”

“ठाऊक आहे मला,” मुंगी म्हणाली. “स्टुलाखाली रोज भुसा असायचा. मीच झाडून टाकायचे. आईने पाहिला असता तर?”

मिस्त्रींनी स्टूल भिंतीशी सरकवलं.

“बरं, चढ बघू,” ते म्हणाले. “हात कुठवर पुरतो ते पाहू. मग घेऊन जा घरी.”

मुंगी स्टुलावर चढली. स्टूल जराही हललं नाही. टाचा उंचावून तिने हात वर केला आणि सगळ्यात वरच्या खिळ्यावरची कानस काढून घेतली. मग ती खाली उतरली, स्टूल उलटं केलं आणि कानस त्यांच्यापुढे धरली.

“आज कोणता पाय, आजोबा?”