एका ताऱ्याला चोख उत्तर

'मंगळवारी दोन तास बसवून ठेवलं. वर पंखाही बंद.' दवाखान्याच्या या ऑनलाइन अभिप्रायाखाली टोपणनाव, 'एक त्रस्त'. तारा एकच.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी मंगळवारचे सगळे केसपेपर टेबलावर मागवले आणि गुन्हेगार शोधायला बसले.

"डॉक्टर, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व, दवाखान्यात फोन करा' एवढंच लिहा," काउंटरवरच्या ताई म्हणाल्या. "माणूस आपला पेशंट आहे, हेसुद्धा चारचौघांत सांगायचं नसतं."

"नाव कुठे लिहितोय मी? तेवढी अक्कल आहे मला!"

त्या दिवशीच्या पेशंटांपैकी गणिताच्या एका सरांनी जाताना दार जरा जोरात लावलं होतं. पुरावा एवढाच. डॉक्टरांनी नाव तेवढं गाळलं आणि बाकी सगळं लिहिलं. 'आपण चौकातल्या शाळेत गणित शिकवता. सोळा वर्षं केसांचा टोप घालता. टोपाखालची खाज आम्हीच बरी केली. उपकाराची हीच का फेड?'

त्या शाळेत गणिताचे सर एकच. मधल्या सुट्टीपर्यंत ते उत्तर पोरांना तोंडपाठ झालं. पाढे कधी झाले नव्हते.

संध्याकाळी सर आले ते बोडक्या डोक्याने. टोप हातातल्या कागदी पिशवीत होता.

"आज वर्गात फळ्याकडे कुणी बघितलंच नाही," ते म्हणाले. "आणि डॉक्टर, ते मी लिहिलं नव्हतं हो. मला मोबाइलवर टाइप करता येत नाही."

ताईंना त्यांच्याकडे बघवेना. मंगळवारी तर झाडून सगळेच दोन तास बसले होते, कारण डॉक्टरच उशिरा उगवले होते. पण सांगतं कोण? डॉक्टर 'मग कोण असेल?' म्हणत पुन्हा केसपेपर चाळायला लागले होते.

आठवड्याभरात चमत्कार झाला. अभिप्रायांचा पाऊस पडला आणि प्रत्येकाचे पाच तारे. डॉक्टर हरखून गेले. हल्ली बाकं रिकामीच असायची, त्यामुळे वाचायला वेळही भरपूर होता.

"बघितलंत, ताई? एकदा ठणकावलं की सगळे सुतासारखे सरळ येतात! ऐका. 'डॉक्टर म्हणजे देवमाणूस.' हा दुसरा, 'डॉक्टर म्हणजे देवमाणूस.' तिसराही तेच म्हणतोय!"

"पुढची ओळही वाचा ना," ताई म्हणाल्या. "तीही सगळ्यांची एकच आहे."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला आणि वाचलं, "'मी त्यांच्याकडे आजवर कधीही गेलेलो नाही.'"