एकशे त्रेचाळिसावी खेप

“या डब्याने माझ्यापेक्षा एक जरी खेप जास्त काढली, तर मिशी उतरवीन!” कोळसा खाणीत सगळ्यांसमोर मी बोलून बसलो. कुठला डंपर कोळसा भरायला कुठल्या शॉवेलपाशी धाडायचा, हे तीस वर्षं मीच ठरवत होतो. आदल्या दिवशी माझ्या पाळीत एकशे बेचाळीस खेपा झाल्या होत्या. आजची पाळी नव्या इंजिनियर मडावी मॅडमच्या कॉम्प्युटरची.

मी निर्धास्त होतो. चढावर देवीचा दगड आहे. तिथे हरेक ड्रायव्हर थांबून हात जोडतो. डब्याला हे कुठून ठाऊक? दुपारपर्यंत त्याचं गणित कोलमडणार!

कोलमडेना. शेवटी मॅडमच्या कागदात डोकावलो, तर भरणं आणि ओतणं यांच्या मधोमध छापलेलं, ‘देवी: चाळीस सेकंद.’

“माझे बाबा इथेच डंपर चालवायचे, काका,” ती हसली.

एकशे बेचाळीस झाल्या. भोंग्याला दोन मिनिटं उरली आणि धुर्वेचा भरलेला डंपर चढाला लागला. अख्खी खाण ओरडायला लागली. पण देवीपाशी गडी थांबलाच!

“झाले ना हात जोडून? हाण आता!” कोण ओरडलं म्हणता? मीच!

“काका, तुमची मिशी!”

“वाढेल परत! हाण, धुर्व्या!”

निम्मा कोळसा ओतला गेला आणि भोंगा वाजला. खेप अर्धीच जास्त झाली, म्हणून मीही अर्धीच मिशी उतरवली. खोटं वाटतंय? जरा डावीकडून बघा माझ्याकडे.