आतून आलेली कथा

पाकीट हातात घेतल्याबरोबर तिला कळलं, नवऱ्याची कथा परत आली. त्याने ते पाकीट फोडलंही नाही. टेबलावर टाकलं आणि बूट काढत बसला. गाडी विकल्यापासून तो ऑफिसला चालतच जाई.

"काय लेखकमहाशय, पुन्हा साभार परत?" जेवायला आलेल्या तिच्या भावाने विचारलं.

"तू गप जेव," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं. तो लिहायचा, ती शिलाई मशीन थांबवून ऐकायची. तिला प्रत्येक कथा आवडायची. संपादकांना एकही नाही.

या वेळी संपादकांचा फोनही आला. "भाषा छान आहे हो तुमची. पण सगळं रचलेलं वाटतं. काहीतरी आतून येऊ द्या."

फोन ठेवून तो टेबलाशी जाऊन बसला. मग त्याने लिहायला घेतलं. ती कथा त्याने तिला वाचून दाखवली नाही.

तीच छापून आली.

तिने ओट्यापाशी उभ्यानेच वाचली. दूध उतू गेलं तरी भान नव्हतं. रस्त्याकडेला पडलेला जखमी तरुण आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला एक वाटसरू. ती ढसाढसा रडली. भावानेही कान पकडले. "मानलं भावजी तुम्हाला!"

"तुम्हाला आनंद नाही झाला?" तिने नवऱ्याला विचारलं.

"झाला ना," तो म्हणाला आणि ताट सारून उठला.

त्या रविवारी दारात एक बाई उभी राहिली, हातात मासिक. पत्ता संपादकांनी दिला म्हणाली. पहिली वाचक घरी आली! तिने लगबगीने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. नवरा आतल्या दाराशी येऊन थांबला.

"माझाही मुलगा असाच गेला," बाई म्हणाली. "गाडी त्याला उडवून निघून गेली. कोणाची ते कळलंच नाही. तो जागीच गेला, आसपास चिटपाखरू नव्हतं, असं सांगितलं मला."

"अरेरे! म्हणून इतकी भिडली तुम्हाला."

बाईने पाण्याला हात लावला नाही. ती त्याच्याकडेच बघत होती.

"तुमच्या कथेतला मुलगा शेवटी 'आयुली, आयुली' म्हणतो," ती म्हणाली. "ती हाक माझ्या मुलाने लहानपणी माझ्यासाठी तयार केली होती. आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊकच नव्हती."