पाव आटा

हिंदुरावांनी देहूरोडच्या लष्करी लिलावातली जुनी मोटरसायकल घेतली, तेव्हा सगळं चिंचवड एकच म्हणालं, "दोन कार्बोरेटर सारखे लावणारा कान एकच, ज्योतीराम मिस्त्रीचा."

आज तो कान त्यांनी पाहिला. मिस्त्रीने रबरी नळी आधी उजव्या कार्बोरेटरला लावली, मग डाव्याला. दोन्ही वेळा श्वास रोखून ऐकलं आणि डाव्याचा पेच आवळला.

पाव आटा.

आठ दिवस खोकणारं इंजिन दळणाच्या लयीत आलं.

"झकास, मिस्त्री. न्यायची का?"

"थांबा राव. डावा अजून हवा जास्त ओढतोय."

त्याने इंजिन बंद केलं. उजवा गप्प झाला. डाव्याच्या नळीत मात्र हवा आत-बाहेर होत राहिली, झोपलेल्या माणसासारखी संथ. मिस्त्रीने नळी हिंदुरावांच्या कानाला लावली आणि सवयीने श्वास रोखला.

नळी थांबली.

त्याने श्वास सोडला, तशी ती पुन्हा सुरू झाली.

"राहू द्या," हिंदुराव कसेबसे म्हणाले. "मला एवढी चालंल."

"मला न्हाई चालायची. अर्धवट गाडी ह्या हातातनं कधी गेली न्हाई."

पाव आटा.

मिस्त्रीचे ओठ निळे पडले. पेचकस धरलेला हात मात्र जराही थरथरला नाही. हिंदुरावांना त्या हाताकडे बघतच राहावंसं वाटलं.

पाव आटा.

हिंदुरावांनी नळी उजव्याला लावली, मग डाव्याला.

दोन्ही अगदी सारखे गप्प होते.