एकसष्ट किलोमीटर

“गॅरेजवाले बाईमाणूस पाहून गंडवतात, मी येतो बरोबर,” असे म्हणून थोरला भाऊ बहिणीसोबत आला होता. तिने परवाच घेतलेल्या जुन्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता.

मेकॅनिकने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि पडदा वाचता वाचता मान हलवली. “ताई, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाद झालाय. इंजिनाचा धूर साफ करतो ना, तो. पण हे परवाचं दुखणं नाही. विकणाऱ्यानं मशीन लावून दिवा पुसला आणि तुम्हाला शेंडी लावली.”

“कशावरून?” भावाचा आवाज चढला.

“हे बघा ना साहेब, मशीनच सांगतंय. दिवा पुसल्यापासून गाडी एकसष्ट किलोमीटर चाललीय.”

बहीण त्या आकड्याकडे पाहत राहिली. भावाच्या दारातून तिच्या दारापर्यंत अठ्ठावन्न, आणि तिथून या गॅरेजपर्यंत तीन. परवा किल्ली तिच्या हातात ठेवताना तो म्हणाला होता, “डोळे झाकून चालव.”

“घेतलीत कुणाकडून?” मेकॅनिकने विचारले.

तिने भावाकडे पाहिले नाही. “होता एक जण,” ती म्हणाली. “परका.”

भाऊ खाली वाकला आणि बुटाची न सुटलेली नाडी बांधू लागला.

त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बोट दाखवत मेकॅनिक हळहळला, “मग तेव्हाच यांना बरोबर न्यायचं ना, ताई!”