शिजलेल्या हळकुंडाचा कोंब

गोरेगावच्या चाँद पाशाचं बोट आणि त्याची हळद एकाच कढईत, एकाच दिवशी शिजली. हळद पिवळी राहिली, बोट काळं पडलं. आठव्या दिवशी डॉक्टरांनी बोटात सुई टोचली तेव्हा तो जांभई देत होता. "आतल्या पेशी मेल्या," डॉक्टर म्हणाले. "त्या परत येत नाहीत. उद्या बोट काढू."

त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी भेटायला गेलो, तर त्याची बायको खतीजाबी अंगणात वाळणाऱ्या हळदीपाशी उकिडवी बसलेली. एका हळकुंडाला हिरवा कोंब फुटला होता.

"गुर्जी, शिजलेल्याला कोंब येतो काहून?"

"येत नाही," मी म्हणालो. कोंबाने ते ऐकलं नसावं.

"कच्चं राहिलं असंल," चाँद पाशा ओट्यावरून म्हणाला. "काडी टोचून बघा. आरपार गेली तर बराबर शिजलं."

आठ दिवस ऊन खाऊनही ते हळकुंड मऊ होतं. काडी सहज आरपार गेली.

"हळू ना, गुर्जी!"

मी वर पाहिलं. दहा पावलांवर चाँद पाशा पट्टीतलं बोट छातीशी आवळून कळवळत होता.

काडी अजून हळकुंडातच होती. ती काढू का, हे त्याला विचारावं की हळकुंडाला, मला कळेना.