उलटा कागद

शब्दन् शब्द खरा सांगतेय. यात काही खोटं निघालं तर माझी कवळी काढून घेऊन जा, वरची आणि खालची, दोन्ही.

साथीच्या वॉर्डातून बाहेर यायचं तर कपडे उतरवायच्या खोलीतूनच यावं लागायचं. खोली न्हाणीघराएवढी. एक पिवळा डबा, एक नळ, एक आरसा, हाताला लावायच्या औषधाची बाटली आणि समोर काच. काचेच्या आत डॉक्टर उभा, बाहेर स्टुलावर मावशी. मावशीच्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेला कागद. अंगावरचं आधी काय काढायचं, मग काय काढायचं, अशा चौदा पायऱ्या. मावशीनं एकेक मोठ्यानं सांगायची, डॉक्टरनं तसं करायचं. चुकला तर तिनं वहीत लिहायचं. वरून तसं परिपत्रकच आलं होतं. तेव्हा परिपत्रकं इतकी यायची की सकाळचं दुपारपर्यंत शिळं.

त्या दिवशीच्या ताज्या परिपत्रकात एक गोड ओळ होती. ड्यूटी संपल्यावर सात दिवस वेगळं राहायची गरज नाही. कपडे उतरवताना चूक झाली नाही अशी सही वहीत असेल, तर सरळ घरी जा. डॉक्टरच्या घरी अकरा दिवसांची मुलगी होती. त्यानं तिला फोनवर तेवढी पाहिली होती, आणि फोनवर ती सोललेल्या बटाट्यासारखी दिसायची. खरी कशी दिसते ते आज कळणार होतं.

"पायरी एक. वरचे हातमोजे," मावशी म्हणाली.

उजव्या हातमोज्यावर त्यानं पेशंटचे आकडे निळ्या पेनानं लिहून ठेवले होते. आत कागद न्यायची बंदी. मोजा ओढताना ओले आकडे आतल्या मोज्याच्या बोटांवर फिसकटले.

"पायरी दोन. बुटांवरच्या पिशव्या."

पिशव्यांतून पाऊण तांब्या घाम निघाला. मोजलाय.

"पायरी तीन. झगा. गाठ मागं आहे, ओढून फाडू नका. पायरी चार. हाताला औषध. पायरी पाच. चष्मा."

चष्मा निघाला तसं डॉक्टरला सहा तासांनी पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. आणि पहिल्यांदा दिसला तो कागद. त्याच्या मागच्या बाजूला जाड अक्षरांत मथळा छापला होता. तो खालच्या अंगाला होता. अक्षरं डोक्यावर उभी.

त्यानं पुन्हा नीट पाहिलं. मग मावशीकडं पाहिलं. काल हीच बाई बाहेरचा कॉरिडॉर पुसत होती. सिस्टर तापानं आडवी झाली म्हणून हिला स्टुलावर बसवलं होतं.

"मावशी, कागद बघून वाचताय ना?"

"नाही."

"मग?"

"पाठ आहे. कागद कुठं पळून जात नाही. मी त्याच्याकडं बघत बसले, तर तुमच्याकडं कोण बघणार?"

"पाठ कुठलं आहे? आजचं की कालचं?"

"पायरी सहा. टोपी. मागून पुढं."

"नवव्या पायरीला काय आहे, सांगा बरं."

"नववी आली की सांगेन. टोपी."

डॉक्टरनं टोपी काढली. पण आता त्याचं मन टोपीत नव्हतं. ही म्हणतेय ते कशावरून बरोबर? हिच्या भरवशावर घरी जायचं आणि बटाट्याला कुशीत घ्यायचं? प्रत्येक पायरीला तो आधी कागदाकडं बघे, मग तिच्या ओठांकडं, आणि मग हात हलवी. मावशी त्याच्या हातांवरून नजर काढत नव्हती. पाकीटमाराकडं बघावं तशी बघत होती.

चौदावी पायरी झाली. डॉक्टरनं हात वाळवले.

"करा सही."

"नाही."

"का?"

"पाचवीनंतर तुम्ही डाव्या डोळ्याखाली बोट लावलंत."

"मी? शक्यच नाही. चार महिने रोज करतोय हे."

"लावलंत. ह्या कागदाकडं बघताना."

डॉक्टरचे कान तापले. "मावशी, खरं सांगा. तुम्हाला वाचता येतं?"

"सही मिळाली असती तर विचारलं असतंत?"

डॉक्टरनं काचेवर हात टेकवला, लगेच काढून घेतला.

"अकरा दिवसांची आहे हो," तो हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे. सगळ्या वॉर्डाला फोटो दाखवलाय तुम्ही. आरशात बघा."

डॉक्टर वळला. डाव्या डोळ्याखाली नखाएवढी निळी रेघ होती. पेशंटच्या आकड्यांचाच तो निळा.

त्यानं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. मावशीनं वही ओढली, लिहिलं, आणि पान काचेला लावून धरलं. टपोरं, मण्यांसारखं अक्षर. 'पायरी पाच. डाव्या डोळ्याखाली बोट लागले. घरी जाऊ नये. सात दिवस.' खाली सही, आडनावासकट.

डॉक्टरनं ते वाचलं. एकदा नाही, दोनदा. फाटकाकडं जाणारं दार उजवीकडं होतं. तो डावीकडच्या दारानं हॉस्टेलकडं गेला.

आता प्रश्न कवळीचा आहे, म्हणून एक कबूल करते. कागद उलटा होता, हे तेवढं मी पदरचं घातलं. कागद पहिल्यापासून सरळच होता. तो धरणाऱ्या हातात काल फरशीचं फडकं होतं, डॉक्टरनं पाहिलं ते एवढंच.